आयजीआरटी म्हणजे काय? तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनआधी रोज स्कॅन का करतात?

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या रुग्णाला साधारण सहा ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस रुग्णालयात जावं लागतं. रोज तेच टेबल, तोच जाळीचा मुखवटा आणि तेच मशीन. तरीही अनेक ठिकाणी किरण सोडण्याआधी एक स्कॅन होतो, टेबल एक-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे सरकतं आणि मगच उपचार सुरू होतो.

बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना साहजिकच प्रश्न पडतो. आजार वाढलाय का, म्हणून पुन्हा पुन्हा बघतायत? की बिल वाढवायला? खरं कारण या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. हा स्कॅन आजार तपासायला नसतो. रुग्ण आज नेमका कुठे आणि कसा झोपलाय, हे तपासायला असतो. या पद्धतीला 'इमेज गायडेड रेडिओथेरपी' म्हणजेच आयजीआरटी म्हणतात. मराठीत सांगायचं तर, प्रतिमा बघून नेम धरलेले किरणोपचार.

थोडक्यात

• आयजीआरटी हे वेगळं औषध किंवा वेगळे किरण नाहीत. किरण ठरलेल्या जागीच पडतायत ना, याची ती खात्री आहे.
• मानेत लाळग्रंथी, मज्जारज्जू, जबडा आणि गिळण्याचे स्नायू दाटीवाटीनं असतात. तिथे काही मिलिमीटरची चूकही महागात पडते.
• उपचारादरम्यान वजन घटलं की मुखवटा सैल होतो. रोजच्या प्रतिमेत ते वेळेत दिसतं.
• मशीन कितीही चांगलं असलं तरी उपचाराचे दिवस चुकवले तर फायदा कमी होतो.

हे कॅन्सर कोणते आणि त्यात रेडिएशन कधी देतात?

ओठ, जीभ, गाल, हिरड्या, टाळू, घसा, स्वरयंत्र, नाकामागची पोकळी आणि लाळग्रंथी या भागांतल्या कॅन्सरना मिळून 'हेड अँड नेक कॅन्सर' म्हणतात. भारतात यांचं प्रमाण मोठं आहे. 'ग्लोबोकॅन'च्या २०२२ च्या अंदाजानुसार देशात त्या वर्षी ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचेच सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होते. पुरुषांमध्ये आढळणाऱ्या कॅन्सरमध्ये तोंडाचा कॅन्सर सर्वांत पुढे आहे.

कारणं ओळखीची आहेत: तंबाखू-चुना, गुटखा, मावा, मशेरी, सुपारी, विडी-सिगारेट आणि दारू. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू आणि सुपारीची सवय गेलेली नाही.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा आधी ऑपरेशन होतं आणि गरज असेल तर त्यानंतर रेडिएशन दिलं जातं. घसा आणि स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये मात्र अनेकदा ऑपरेशन टाळून थेट रेडिएशन देतात, सोबत केमोथेरपीही असते. स्वरपेटी काढावी लागू नये, रुग्णाचा आवाज टिकावा, हा त्यामागचा हेतू असतो.

रेडिएशनचं माप 'ग्रे' या एककात मोजतात. मुख्य उपचार म्हणून देताना एकूण ६६ ते ७० ग्रे आणि ऑपरेशननंतर देताना साधारण ६० ते ६६ ग्रे दिले जातात. हा डोस एकदम देता येत नाही. रोज सुमारे २ ग्रे अशा ३० ते ३५ हप्त्यांत तो विभागतात. दोन हप्त्यांच्या मधल्या वेळेत निरोगी पेशी स्वतःची दुरुस्ती करतात. कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही.

मानेत मिलिमीटरला इतकं महत्त्व का?

आपला हात मानेवरून फिरवला तर लक्षात येईल की ही जागा किती लहान आहे. कानाखाली दोन्ही बाजूंना मोठ्या लाळग्रंथी, मध्ये अन्ननलिका आणि श्वासनलिका, मागे मणक्यातून जाणारा मज्जारज्जू, वर मेंदूचा खोडासारखा भाग आणि डोळ्यांच्या नसा. कॅन्सरची गाठ यांच्यातल्या एखाद्याला अगदी खेटून असू शकते.

या प्रत्येक अवयवाची सहनशक्ती वेगळी आहे. मज्जारज्जूला मिळणारा डोस साधारण ४५ ते ५० ग्रेच्या आत ठेवतात. कानाखालच्या लाळग्रंथीला सरासरी २६ ग्रेपेक्षा कमी डोस मिळाला तर तिची लाळ तयार करण्याची क्षमता सावरण्याची शक्यता चांगली असते. म्हणजे शेजारच्या गाठीला ७० ग्रे द्यायचे आणि काही मिलिमीटरवरच्या ग्रंथीला त्याच्या निम्म्याहून कमी, अशी ही कसरत आहे.

नेम चुकला तर दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. गाठीची एक कड डोसच्या बाहेर राहिली तर तिथे आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. आणि लाळग्रंथी डोसच्या आत आली तर तोंड कायमचं कोरडं पडू शकतं. मग भाकरीचा घासही पाण्याशिवाय उतरत नाही.

आयएमआरटी आणि आयजीआरटी यात फरक काय?

रुग्णालयाच्या कागदांवर ही दोन्ही नावं सोबत दिसतात, त्यामुळे गोंधळ होतो.

आयएमआरटी ही किरणांना आकार देण्याची पद्धत आहे. मशीनच्या तोंडाशी धातूच्या पातळ पट्ट्यांची जोडी-जोडीनं रचना असते. या पट्ट्या संगणकाच्या हुकमावर पुढे-मागे सरकतात आणि वेगवेगळ्या कोनांतून येणारे किरण कमी-जास्त करतात. त्यामुळे डोस गाठीच्या वेड्यावाकड्या आकाराला धरून बसतो आणि लाळग्रंथीसारख्या भागांना वगळता येतं. मशीन रुग्णाभोवती फिरता फिरता हेच काम करत असेल, तर त्याला व्हीमॅट म्हणतात.

आयजीआरटी त्याच्या पुढची पायरी आहे. शिंप्यानं अंगाबरोबर कपडा शिवला, तर तो घालणाऱ्याच्या अंगावर नीट बसलाय का हेही पाहावं लागतं. आयएमआरटीनं डोस गाठीबरोबर बेतला जातो. तो आज, या क्षणी गाठीवरच बसतोय ना, हे आयजीआरटी बघतं. डोस जितका नेमका बेतलेला, तितकी ही तपासणी गरजेची. कारण पूर्वीच्या ढोबळ पद्धतीत सगळीकडेच भरपूर डोस जायचा, थोडं सरकलं तरी गाठ सहसा डोसच्या आतच राहायची. आता तसा वाव उरलेला नाही.

पूर्वी नेम कसा धरत?

अनेक वर्षं रुग्णाच्या कातडीवर रंगानं खुणा करून त्यावर किरण लावले जात. कोबाल्ट-६० हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य वापरणारी मशीन तेव्हा सर्रास होती आणि अजूनही काही ठिकाणी आहेत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं 'भाभाट्रॉन' हे देशी कोबाल्ट मशीन विकसित केलं. जागा बरोबर आहे का, हे पाहायला अधूनमधून एक्स-रे फिल्म काढली जाई. त्यात हाडं पुसट दिसत, मऊ भाग जवळपास दिसतच नसत.

२००० नंतरच्या काही वर्षांत हे चित्र पालटलं. अमेरिकेत मिशिगनमध्ये डेव्हिड जॅफ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचाराच्या मशीनलाच स्कॅनर जोडण्याचं तंत्र पुढे आणलं. त्याला 'कोन बीम सीटी' म्हणतात. त्यामुळे टेबलावर झोपलेल्या रुग्णाला न हलवता त्याच जागी त्रिमितीय प्रतिमा मिळू लागली.

तयारी कशी होते?

पहिला हप्ता सुरू होण्याआधी एक-दोन आठवडे तयारीत जातात. त्यातले टप्पे असे:

१. दातांची तपासणी. किडलेले, हलणारे दात आधी काढावे लागतात आणि जखम भरायला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे द्यावे लागतात. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो.

२. मुखवटा. प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करतात आणि चेहरा, मान व खांद्यांवर ओढून बसवतात. काही मिनिटांत ती कडक होते. श्वास घेता येतो, पण डोकं हलवता येत नाही.

३. प्लॅनिंग सीटी स्कॅन. मुखवटा घालूनच हा स्कॅन करतात. पुढच्या सगळ्या उपचाराचा हा नकाशा असतो.

४. आखणी. कॅन्सरतज्ज्ञ स्कॅनच्या प्रत्येक कापावर गाठ आणि वाचवायचे अवयव हातानं रेखाटतात. मग मेडिकल फिजिसिस्ट संगणकावर डोसची आखणी करतात आणि ती मशीनवर तपासून पाहतात.

मुखवट्यात कोंडल्यासारखं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. तसं असेल तर तंत्रज्ञांना आधीच सांगावं. हात वर केला की मशीन थांबवता येतं. खोलीत कॅमेरा आणि माइक असतो, बाहेरून रुग्णावर सतत लक्ष असतं.

रोजच्या दहा-पंधरा मिनिटांत काय घडतं?

रुग्ण टेबलावर झोपतो, मुखवटा लावला जातो आणि भिंतींवरून येणाऱ्या लेझरच्या रेषांशी मुखवट्यावरच्या खुणा जुळवल्या जातात. तंत्रज्ञ बाहेर जातात आणि मशीन रुग्णाभोवती फिरून स्कॅन घेतं. याला साधारण एक मिनिट लागतं.

मग संगणक आजची प्रतिमा प्लॅनिंग स्कॅनवर ठेवून बघतो. मानेचे मणके, कवटीचा तळ आणि जबडा जुळतात का, हे तंत्रज्ञ स्वतः तपासतात. फरक दिसला तर टेबल वर-खाली, डावी-उजवीकडे किंवा पुढे-मागे सरकवलं जातं. काही टेबलं किंचित तिरकीही होतात, त्यामुळे डोकं थोडं वळलं असेल तर तेही दुरुस्त करता येतं. सगळं जुळलं की किरण सुरू होतात. ते काही मिनिटांत संपतात आणि त्या वेळी दुखत नाही.

पण टेबल सरकवून सगळंच सुधारत नाही. मान म्हणजे एकसंध ठोकळा नव्हे. हनुवटी वर राहिली, खांदे आखडले किंवा मान वाकली तर वरचे मणके जुळतात आणि खालचे जुळत नाहीत. अशा वेळी रुग्णाला उठवून पुन्हा नीट झोपवणं हाच उपाय असतो. 'आज जास्त वेळ का लागला' याचं उत्तर बऱ्याचदा यात असतं.

सगळीकडे रोज सीटीच होतो असंही नाही. काही ठिकाणी दोन दिशांनी एक्स-रे काढून हाडं जुळवतात. काही ठिकाणी पहिले काही दिवस रोज आणि नंतर आठवड्यातून एकदा स्कॅन करतात. मशीनवर किती गर्दी आहे आणि गाठ कुठे आहे, यावर हे ठरतं.

दोन मिलिमीटर वाचवून मिळतं काय?

रोज थोडाफार फरक पडणार हे गृहीत धरून डॉक्टर गाठीभोवती एक जादा पट्टा धरतात. त्याला मार्जिन म्हणतात. रोज प्रतिमा बघून दुरुस्ती होत असेल तर हा पट्टा ५ मिलिमीटरवरून ३ मिलिमीटरपर्यंत आणण्याचा विचार करता येतो.

२ मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण हिशोब करून बघा. चार सेंटिमीटर व्यासाचा गोल भाग धरला तर त्याचं आकारमान सुमारे ३३ घन सेंटिमीटर भरतं. त्याभोवती ५ मिलिमीटरचा पट्टा धरला की आणखी जवळपास ३२ घन सेंटिमीटर निरोगी भाग पूर्ण डोसमध्ये येतो. पट्टा ३ मिलिमीटरचा केला तर हा भाग साडेसतरा घन सेंटिमीटरवर येतो. वाचलेल्या त्या जागेत लाळग्रंथीचा तुकडा असू शकतो किंवा गिळण्याचा स्नायू.

प्रत्यक्षातली गाठ गोल नसते, आणि मार्जिन किती ठेवायचं हे प्रत्येक केंद्राला स्वतःच्या मशीनची आणि कामाची अचूकता मोजून ठरवावं लागतं. तपासणी न करता पट्टा कमी करणं धोक्याचं असतं.

सहा आठवड्यांत रुग्णच बदलतो, तेव्हा?

प्लॅनिंग स्कॅन पहिल्या दिवसाचा असतो. पण पाचव्या आठवड्यातला रुग्ण पहिल्या आठवड्यासारखा राहत नाही. तोंड सोलवटल्यानं जेवण कमी होतं, वजन उतरतं, गाल बसतात आणि मुखवट्यात पोकळी पडते. गाठही आकसते.

अमेरिकेतल्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरच्या २००४ मधल्या एका अभ्यासात १४ रुग्णांचे उपचार चालू असताना वारंवार स्कॅन केले गेले. गाठीचं आकारमान उपचाराच्या दर दिवशी सुमारे १.८ टक्क्यांनी कमी होत होतं. कानाखालच्या लाळग्रंथी लहान होत होत्या आणि सुमारे ३ मिलिमीटर आतल्या बाजूला, म्हणजे जास्त डोसच्या दिशेनं सरकत होत्या. हे सरकणं वजन घटण्याशी जोडलेलं होतं.

रोजच्या प्रतिमेत हे बदल दिसतात. फरक फार वाटला तर नवा मुखवटा, नवा स्कॅन आणि नवी आखणी केली जाते. याला ॲडॅप्टिव्ह रेडिओथेरपी म्हणतात. मात्र ती सगळ्यांनाच दर आठवड्याला करून फायदा होतो असं दिसलेलं नाही. फ्रान्समधल्या १३२ रुग्णांवरच्या 'आर्टिक्स' चाचणीत दर आठवड्याला नवी आखणी केली, तरी लाळेच्या प्रमाणात फरक पडला नाही. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणून बहुतेक केंद्रं ज्यांना गरज आहे अशाच रुग्णांची पुन्हा आखणी करतात.

अचूकतेनं खरंच फरक पडतो का?

डोस नेमका बेतण्याचा फायदा चाचण्यांत दिसला आहे. ब्रिटनमधल्या 'पारस्पोर्ट' चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. उपचारानंतर एका वर्षानं जुन्या पद्धतीच्या गटात ७४ टक्के रुग्णांना तोंडाच्या कोरडेपणाचा लक्षणीय त्रास होता, तर आयएमआरटीच्या गटात ३८ टक्के रुग्णांना. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये ६० रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही, उपचारादरम्यान लाळग्रंथींना होणारा त्रास आयएमआरटीच्या गटात कमी होता: ८९ टक्क्यांऐवजी ५९ टक्के.

चुकीच्या आखणीची किंमत काय असते, हेही एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीतून पुढे आलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या विश्लेषणात, ज्यांचं रेडिएशन नियमाप्रमाणे झालं त्यांच्यापैकी ७० टक्के रुग्ण दोन वर्षांनी हयात होते. ज्यांच्या उपचारात मोठ्या त्रुटी होत्या, त्यांच्यात हेच प्रमाण ५० टक्के होतं. ही तुलना आयजीआरटीची नव्हती, उपचाराच्या एकूण दर्जाची होती. पण हे आकडे एक गोष्ट स्पष्ट करतात: मशीनच्या नावाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, ते चालवणाऱ्या टीमच्या काटेकोरपणाला महत्त्व आहे.

आयजीआरटीमुळे दुष्परिणाम नाहीसे होत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येणं, चव जाणं, गिळताना दुखणं, मानेची कातडी काळवंडणं हे बहुतेकांना होतं. शेवटच्या आठवड्यात ते सर्वाधिक असतं आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांत कमी होत जातं. खाणं अगदीच अशक्य झालं तर नाकातून किंवा पोटातून नळी घालतात. ती हार मानल्याची खूण नाही. वजन टिकवून उपचार पूर्ण करण्यासाठी ती असते.

एकही दिवस का चुकवू नये?

गावाकडचं लग्न, सण, गाडीभाड्याची अडचण किंवा 'आता फार दुखतंय, चार दिवस थांबू' या कारणांनी हप्ते चुकतात. इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं. उपचार काही आठवडे चालल्यावर उरलेल्या कॅन्सरपेशी वेगानं वाढू लागतात. मध्ये खंड पडला की त्यांना मोकळीक मिळते. या प्रकारच्या कॅन्सरमध्ये उपचार एक दिवस लांबला तर आजार आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्यानं घटते, असं अनेक अभ्यासांच्या विश्लेषणातून दिसलं आहे. सुट्टी किंवा मशीन बंद पडल्यामुळे दिवस गेला, तर तो कसा भरून काढणार हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

नेहमीचे गैरसमज

*रोजच्या स्कॅनमुळे जास्त रेडिएशन मिळतं.* थोडं मिळतं. एका कोन बीम सीटीचा डोस काही मिलिग्रेच्या घरात असतो. उपचाराचा रोजचा हप्ता २ ग्रे, म्हणजे २,००० मिलिग्रे असतो.

*रेडिएशन घेतलेल्या माणसाजवळ लहान मुलांनी जाऊ नये.* बाहेरून दिलेल्या या उपचारात किरण शरीरात साठत नाहीत. नातवंडांना मांडीवर घ्यायला हरकत नाही, ताटही वेगळं करायची गरज नाही.

*रेडिएशन म्हणजे शेक, त्यानं आतून जळतं.* उपचार चालू असताना चटका बसत नाही. किरण पेशींच्या डीएनएला इजा करतात. तोंडाचा आणि कातडीचा त्रास नंतर हळूहळू दिसतो.

*सगळे केस जातात.* किरण ज्या भागातून जातात तिथलेच केस जातात. दाढी आणि मानेवरचे केस विरळ होऊ शकतात.

डॉक्टरांना काय विचारावं?

• माझ्या उपचारात प्रतिमा रोज घेणार की आठवड्यातून एकदा? का?
• कोणत्या लाळग्रंथी आणि गिळण्याचे स्नायू वाचवता येतील?
• वजन किती उतरलं तर नवा मुखवटा लागेल?
• आहारतज्ज्ञ आणि गिळण्याचे, तोंड उघडण्याचे व्यायाम शिकवणारे तज्ज्ञ इथे आहेत का?
• उपचारानंतर थायरॉइडची तपासणी कधी करायची?

खर्चाबाबत, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारत योजनेत कॅन्सरच्या रेडिएशनचा समावेश आहे. कोणती पद्धत कोणत्या पॅकेजमध्ये बसते, हे योजनेशी संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे उपचार ठरण्याआधीच विचारून घ्यावं. जवळच्या केंद्रात रोजची प्रतिमा होत नसेल, तर लांबच्या शहरात जाण्यासाठी उपचार महिनाभर पुढे ढकलायचा की नाही, हा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. वेळेवर सुरू झालेला आणि वेळेत संपलेला उपचार हाच पाया असतो.

आणि तंबाखू. उपचार चालू असताना विडी-सिगारेट सुरू ठेवली तर रेडिएशनचा परिणाम कमी होतो आणि तोंडाचा त्रास वाढतो. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. तोंडात तीन आठवड्यांहून जास्त काळ न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ किंवा बसलेला आवाज असेल तर आजच तपासून घ्या. लवकर सापडलेल्या गाठीसाठी उपचार कमी लागतो आणि आवाज, चव, गिळणं वाचण्याची शक्यताही जास्त असते.